हैदराबादचे मराठी खासदार

परवा सुलतान बाजारात आर्य समाजासमोर एका तरुणानं विचारलं, "काका, हैदराबादला कधी मराठी खासदार होता का हो?"

होता तर! १९५७ साली काँग्रेसचे विनायकराव कोरटकर निवडून आले. 'विद्यालंकार' ही गुरुकुल कांगडीची पदवी. ती त्यांच्या नावालाच चिकटली. वडील केशवराव विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी. निजामाच्या काळात विनायकरावांनी आर्य समाजाचं नेतृत्व केलं, पुढे हैदराबाद राज्यात मंत्री झाले.

त्यांच्याआधी १९५२ला अहमद मोहिउद्दीन. नंतर डॉ. मेलकोटे तीनदा, त्यातही १९७१ला तेलंगणा प्रजा समितीकडून! मग के. एस. नारायण दोनदा. १९८४पासून सलाहुद्दीन ओवैसी सलग सहादा, २००४पासून असदुद्दीन.

इथल्या मराठी मुलांना कोरटकर माहीत असायलाच हवेत. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. घरात १९५७च्या निवडणुकीच्या आठवणी असतील तर त्याही लिहा.