दोन गाड्यांमधली तीन मिनिटं

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठच्या सुमारास उभं राहिलं की मुंबईच्या रेल्वेविस्ताराबद्दलची सगळी मतं फुकटात ऐकायला मिळतात. एक म्हणतो, गाड्या वाढवा. दुसरा म्हणतो, सगळ्या पंधरा डब्यांच्या करा. तिसऱ्याला मेट्रो हवी असते आणि चौथा म्हणतो, आधी एसी गाड्या बंद करा. तेवढ्यात फास्ट येते, चौघंही एकाच दाराला लोंबकळतात आणि वाद उद्यापर्यंत तहकूब होतो.

चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यातलं कुणाचं म्हणणं कुठे लागू पडतं हे समजायला रुळांवर जागा कशी मोजतात ते आधी पाहावं लागतं. आपल्याकडे आराखडे किलोमीटरमध्ये आणि कोटींमध्ये जाहीर होतात. मेट्रोचं ३३७ किलोमीटरचं जाळं, मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचे, म्हणजे एमयूटीपीचे, इतके हजार कोटी. रेल्वेचा माणूस मात्र वेगळंच माप घेऊन बसलेला असतो: एका मार्गिकेवरून एका तासात किती गाड्या जातात.

एक गाडी पुढे गेली की मागचा सिग्नल लाल होतो. ती आणखी पुढे सरकली की तो पिवळा, मग दोन पिवळे, मग हिरवा. मागच्या मोटरमनला ब्रेक लावून सुरक्षित थांबता येईल एवढं अंतर या रंगांनी राखलं जातं. त्यात भर पडते स्टेशनातल्या थांब्याची. पुढची गाडी फलाटावर वीसऐवजी चाळीस सेकंद उभी राहिली, तर ती जादा वीस सेकंदं मागच्या प्रत्येक गाडीच्या माथी येतात. हे सगळं धरून मुंबईत गर्दीच्या वेळी दोन गाड्यांत साधारण तीन मिनिटं सुटतात. साठ भागिले तीन, म्हणजे तासाला वीस गाड्या. वेळापत्रकातली ही प्रत्येक जागा म्हणजे एक खाच. सकाळच्या सगळ्या खाचा भरलेल्या आहेत, म्हणून ‘एक गाडी वाढवा’ ही मागणी खरं तर ‘एक गाडी हटवा’ अशी होते.

२०२२च्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी हेच अनुभवलं. मध्य रेल्वेने एसी फेऱ्या वाढवल्या, पण त्या साध्या फेऱ्यांच्या खाचांत बसवल्या. रोजची साडेआठची गाडी एसी झाली म्हणजे सेकंड क्लासचा पासधारक तिच्यापुरता फलाटावरच राहिला. लोक रुळांवर उतरले आणि रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. वर्तमानपत्रांत याला ‘एसीविरोधी आंदोलन’ म्हटलं गेलं. माझ्या मते गारव्याशी कुणाचं वैर नव्हतं, भांडण खाचेचं होतं.

मग खाचा वाढतील कशा? पहिला उपाय सिग्नलचा. मेट्रोत आणि जगातल्या बऱ्याच शहरी रेल्वेंत गाडी आपली जागा रेडिओवरून सतत कळवत असते. त्यामुळे मागच्या गाडीला ठरावीक टप्प्याऐवजी पुढच्या गाडीच्या खऱ्या शेपटापर्यंत जाता येतं. या पद्धतीला सीबीटीसी म्हणतात आणि २०१९ साली मंजूर झालेल्या एमयूटीपी ३-ए मध्ये ती मुंबईच्या लोकलसाठी धरलेली आहे. तीन मिनिटांची अडीच झाली तर तासाला वीसऐवजी चोवीस गाड्या, म्हणजे वीस टक्के वाढ.

दुसरा उपाय लांबीचा. बाराचे पंधरा डबे केले की पंचवीस टक्के वाढ. दोन्ही एकदम साधले तर कागदावर दीडपट प्रवासी जातात, तेही नवीन मार्गिका न टाकता. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची पहिली गाडी २००९च्या नोव्हेंबरात धावली, मध्यवर २०१२ साली. मग सगळ्याच गाड्या पंधरा डब्यांच्या का होत नाहीत? कारण फलाट साठ-सत्तर मीटर वाढवायचे, तर बऱ्याच स्टेशनांत फलाटाच्या टोकाशीच रूळ बदलायचे सांधे, सिग्नल, नाला किंवा रस्त्याचा पूल असतो. गाडी रात्री जिथे उभी करायची ती कारशेडची लाईनही तेवढीच लांब हवी. विजेचं गणित आणखी वेगळं. १९२५ साली पहिली विजेची गाडी व्हीटीहून (आताच्या सीएसएमटीहून) कुर्ल्याला हार्बर मार्गाने गेली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि त्या व्यवस्थेची ताकद नव्या, झपकन वेग घेणाऱ्या गाड्यांना पुरेना. २५ हजार व्होल्ट एसीवर जाण्याचं काम पश्चिमवर २०१२ साली संपलं, हार्बरवर २०१६ साली. त्या कामाच्या फिती कापायला फारसं कुणी गेलं नसेल, पण गाड्या वाढण्याची वाट त्यानेच मोकळी केली.

आता अडचणीच्या जागेकडे येऊ. पाण्याच्या पाईपासारखंच इथेही, सगळ्यात अरुंद तुकडा पूर्ण पाईपाचा प्रवाह ठरवतो. चर्चगेटचं उदाहरण सोपं आहे. तिथे चार फलाट. गाडी येते, रिकामी होते, भरते, मोटरमन आणि गार्ड टोकं बदलतात, गाडी निघते. आत यायला-बाहेर पडायला सांधे मोकळे होण्याचा वेळ धरून एका गाडीला आठ मिनिटं लागतात असं उदाहरणापुरतं माना. एका फलाटावर तासाला साडेसात गाड्या, चार फलाटांवर तीस. पण चर्चगेटला स्लो आणि फास्ट अशा दोन जोड्या येतात, आणि तीन मिनिटांच्या हिशोबाने त्यांच्यावरून तासाला चाळीस गाड्या येऊ शकतात. वरच्या दहांचं काय करायचं? त्या दादरला, बांद्र्याला, अंधेरीला उलटवायच्या. म्हणून नुसते नवे रूळ टाकून भागत नाही, गाड्या उलटवायला जागाही शोधावी लागते. मध्य रेल्वेने २०१९च्या मार्चमध्ये परळला टर्मिनस केलं त्यामागे हेच कारण होतं. त्या वेळी ‘परळहून कशाला गाडी सोडता?’ असं विचारणारे माझ्या डब्यातही होते. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस जास्त खोलात जात नाही, त्याला दोष कसा द्यायचा?

मध्य रेल्वेचा खरा पेच पाचव्या-सहाव्या मार्गिकेत दिसतो. लोकलच्या चार मार्गिकांवरूनच मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही जायच्या. पुण्याहून येणारी एक्सप्रेस दहा मिनिटं उशिरा आली की तिला वाट द्यायला फास्ट लोकल थांबायची, ती थांबली की तिच्या मागची. म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळे रूळ द्यायचे ठरले. कुर्ला ते ठाणे आणि दिवा ते कल्याण हे तुकडे झाले. मधला ठाणे-दिवा तुकडा २००८ साली मंजूर झाला आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. चौदा वर्षं. तेव्हा सांगितलं गेलं की यामुळे लोकलच्या ३६ फेऱ्या वाढवता येतील, आणि त्यांतल्या बहुतेक एसी ठरल्या. जिची शेपटी कळव्यात सहा महिन्यांनी पेटली ती गोष्ट हीच.

दोन नवे रूळ टाकूनही आकडा एवढाच का? एक कारण कुर्ल्यात आहे. कल्याणहून कुर्ल्यापर्यंत सहा मार्गिका येतात आणि तिथून सीएसएमटीकडे पुन्हा चारच उरतात. वेगळ्या रुळांवरून आरामात आलेली एक्सप्रेस कुर्ल्यापुढे फास्ट लोकलच्या रांगेत घुसते. कुर्ल्यापलीकडचा तुकडाही २००८च्याच मंजुरीतला. तो टाकायचा तर सायनचा १९१२ सालचा रस्त्याचा पूल पाडून लांब करावा लागतो, कारण त्याच्याखाली सहा रूळ मावत नाहीत. २०२४च्या ऑगस्टपासून तो पूल वाहतुकीला बंद झाला आणि धारावी-सायनच्या रस्त्यांवर कोंडी वाढली. रेल्वेचं गणित असं रस्त्यावर येऊन बसतं. पुढे परळच्या अलीकडे-पलीकडे घरं आहेत, इमारती आहेत, आणि जमीन सोन्याच्या भावाची.

दुसरं टोक कल्याणला. कसारा आणि कर्जत अशा दोन्ही बाजूंच्या गाड्या तिथे एकत्र येतात, त्यांच्यात मेल-एक्सप्रेस मिसळतात आणि एकीला दुसरीचा रूळ ओलांडावा लागतो. कल्याण यार्डाची फेररचना एमयूटीपी ३-ए मध्ये आहे. ‘यार्ड’ शब्द ऐकून वाचक पान उलटतो हे मला माहीत आहे, पण डोंबिवलीकराचं उशिरा येणं बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. दिव्याच्या फाटकाचंही तसंच. फाटक उघडलं की गाडी थांबते, रिक्षा अडकली की फाटक बंद व्हायला वेळ लागतो. करोडोंचे सिग्नल एका रिक्षासाठी ताटकळतात.

मेट्रो या चित्रात कुठे बसते? पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला करू: मेट्रोची गाडी लोकलच्या रुळांवर चालूच शकत नाही. लोकलचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतराचे, मेट्रोचे १४३५. दोन्ही जाळी कायमची वेगळी, त्यामुळे प्रवाशाला गाडी बदलावी लागणार. बदलायला जिना, पूल आणि चालायला जागा लागते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची पहिली मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. लोकल उत्तर-दक्षिण धावते आणि या मार्गिकेने पूर्व-पश्चिम जोडलं, म्हणून ती लगेच भरली. पण तिने घाटकोपरच्या जुन्या स्टेशनात किती माणसं ओतली ते संध्याकाळी सात वाजता बघावं. २०१७च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण चेंगरून गेले ते गाडीतल्या गर्दीने नव्हे, जिन्यावरच्या गर्दीने. आराखड्यात इंटरचेंज हा नकाशावरचा ठिपका असतो, प्रत्यक्षात ती पायऱ्यांची रुंदी असते.

कुलाबा-बांद्रा-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी ‘मेट्रो ३’ मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. तिच्या कारशेडवरून आरेमध्ये झाडांवर करवत चालली, सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली, जागा कांजूरमार्गला हलली आणि परत आरेत आली. त्या वादात शहर दोन गटांत विभागलं गेलं, आणि त्यात एक मुद्दा दोन्ही गटांनी कमी चर्चिला असं मला वाटतं: भाडं. या मार्गिकेचं तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत. लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट ५ रुपये, आणि मासिक पास काढणाऱ्याला एक फेरी त्याहून बरीच स्वस्त पडते. त्यामुळे जवळून मेट्रो गेली म्हणून लोकलचा सगळा प्रवासी तिच्याकडे वळेल असं धरता येत नाही. जो रिक्षा, ओला किंवा स्वतःची गाडी वापरतो तो आधी वळतो. हे काही वाईट नाही. फक्त ‘मेट्रोमुळे लोकलची गर्दी कमी होईल’ असा दावा ऐकला की किती लोकांची आणि कोणत्या भाड्यात, एवढं विचारून घ्यावं.

मग आपल्या भागातल्या नव्या प्रस्तावाकडे पाहायचं कसं? मी तीन गोष्टी शोधतो. रूळ कुठे संपतो आणि तिथे गाडी उलटवायला किती फलाट आहेत. तो जुन्या जाळ्यात कुठे मिसळतो, आणि मिसळण्याची जागा आधीच भरलेली आहे का. आणि वाटेत कुणाची घरं येतात. पहिल्या एमयूटीपीत रुळांलगतची हजारो झोपडपट्टीतली कुटुंबं हलवावी लागली आणि ते काम मार्गी लागेपर्यंत रूळ पुढे सरकले नाहीत. ऐरोली-कळवा उन्नत मार्गाचंही तसंच. नवी मुंबईला जाणाऱ्या कल्याणकराला ठाण्यात उतरून बदलायची गरज राहणार नाही, ठाण्याचा फलाट मोकळा होईल, म्हणून कल्पना मला फार पटते. त्या मार्गावरचं दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत उघडलंही. कळव्यातली घरं मात्र वाटेत आहेत.

गाडीचं दारही या हिशोबात येतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा-दिवा दरम्यानच्या वळणावर दोन फास्ट लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. हे तेच रूळ, २०२२ साली फास्ट गाड्या पारसिक बोगद्यातून काढून ज्यांच्यावर वळवल्या. त्यानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं ठरलं. दारं हवीत, यात शंका नाही. पण दार बंद होईपर्यंत गाडी निघत नाही, आणि आत शिरलेल्याचा खांदा दारात अडकला की ते पुन्हा उघडतं. एसी लोकलने घाटकोपरला हे रोज दाखवून दिलं आहे. म्हणजे थांबा वीस सेकंदांवरून लांबणार आणि त्या तीन मिनिटांतून ती सेकंदं जाणार. म्हणून दारांच्या जोडीने हवेशीर डबे, एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट आणि रुंद फलाट लागतात. २०२४च्या जूनच्या सुरुवातीला ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ठाण्याचा पाच-सहा नंबरचा फलाट रुंद केला, तेव्हा शहराने तीन दिवस त्रागा केला. आता त्या फलाटावर संध्याकाळी मागे सरकायला दोन पावलं जागा मिळते.