शेततळ्यातला मासा घरच्या निखाऱ्यावर

शेततळं खोदलं, कागद अंथरला, रोहू-कटल्याची बोटुकली सोडली. मासा अर्धा-पाऊण किलोचा झाला की व्यापारी बांधावर येतो, माल तोलून घेऊन जातो. ज्याने वर्षभर खाद्य टाकलं त्याच्या घरात मात्र त्यातला एक मासा शिजत नाही, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "लय उसाभर होते. खोबरं भाजा, मसाला वाटा, वाटीभर तेल ओता, अन् वरून वास!"

उसाभर माशाची नाही, रश्श्याची आहे. समुद्राकाठचे लोक शिंपल्याचा गर मीठ-लोणी लावून वरच्या आचेखाली तीन-चार मिनिटं धरतात, झाला. वरून आच द्यायची रीत आपल्याला काही नवी नाही. पळसाच्या पानातले पानगे आपण खाली-वर विस्तव ठेवूनच भाजतो. त्याच विस्तवात मासा का नको? शंभर ग्रॅम रोहूत सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं असतात. घरचीच आहेत, विकत आणायची नाहीत.

आता वासाचं. मातकट वास माशाचा नव्हे, पाण्यातल्या शेवाळाचा आणि गाळातल्या जिवाणूंचा असतो. मृगळ तळाशी चरतो, त्याला तो जास्त लागतो. कटला वरच्या थरात चरतो. जिवंत मासा दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्याच्या हौदात, खाद्य न देता ठेवला तर वास बराच कमी होतो. राहिलेला लिंबू किंवा चिंचेच्या कोळाने जातो. साफ करताना कल्ले काढा, पोटातलं काळं अस्तर खरवडा आणि पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. फुटली तर मास कडू.

एकबुर्जी, सोनल किंवा अडाण प्रकल्पाची मासळी बाजारातून घेत असाल तर कल्ले उचलून पाहा. लाल हवेत. डोळा भरलेला आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर येणारी हवी.

खवले काढून दोन्ही अंगांना काट्यापर्यंत जवळजवळ चिरा द्या. रोहूचे बारीक काटे त्याने तुटतात. मीठ, हळद, ठेचलेला लसूण, लिंबू आणि चमचाभर तेल एवढंच चोळा. पळसाची पानं (वाळकी असली तर भिजवून) दुहेरी गुंडाळा. बाभळीचे निखारे किंवा गोवऱ्यांचा विस्तव पसरा, जाळ नको. पऱ्हाट्या वापरूच नका, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. पुडा गरम राखेवर ठेवून वर निखारे घाला. अर्ध्या किलोचा मासा बारा ते पंधरा मिनिटांत होतो. गॅसच असेल तर बोटभर जाडीचे तुकडे तव्यावर, वर झाकण, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं.

झाला हे कसं ओळखावं? काचेसारखं दिसणारं मास पांढरं होतं आणि काट्यापासून सुटतं. तिथेच उतरवा. आपली सवय मटणाची, म्हणून "अजून थोडं राहू द्या" म्हणतो आणि माशाचा भुसा करतो. पण काट्याजवळ गुलाबी असेल तर परत ठेवा. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचा नसतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच विस्तवाने सुधारत नाही. उन्हाळ्यात डोहात पाणी आटलं की कोणीतरी पिकावरचं औषध ओततो आणि पालथे पडलेले मासे स्वस्तात गावात येतात. ते विष भाजून जात नाही. पाण्यात विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलं होतं. तेच पाणी गुरं पितात, म्हणून पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे पोरांचे खेळ समजू नयेत. आणि बंधूंनो, आपणही फवारणीचा पंप शेततळ्यात धुऊ नका. मग तो मासा व्यापाऱ्यालाही देण्याजोगा राहत नाही.

पुडा ताटात उघडा. ज्वारीची भाकर, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा. लहान लेकराला पोटाकडचा तुकडा द्या. तिथले काटे मोठे असतात, बोटाला लगेच लागतात. शेपटीकडचा आपण घ्या.