परक्लोरिक अम्ल

क्लोरिनाच्या ऑक्सि-अम्लांपैकी सर्वांत तीव्र अम्ल. याच्या रेणूत हायड्रोजन व क्लोरीन यांचा प्रत्येकी एक आणि ऑक्सिजनाचे चार अणू असतात. रेणुभार १००·४६. फ्रीड्रिख फोन श्टाडिओन या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञांनी १८१६ च्या सुमारास याचा शोध लावला. सोडियम परक्लोरेटाच्या संपृक्त विद्रावावर संहत हायड्रोक्लोरिक अम्लाची विक्रिया करून सोडियम क्लोराइडाचा अवक्षेप (साका) गाळून काढतात व उरलेला विद्राव ऊर्ध्वपातनाने संहत करतात.

गुणधर्म : निर्जल अम्ल हा वर्णहीन, अस्थिर द्रव असून साठवणीत त्याचे अपघटन होऊन स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून प्रयोगशाळेत वजनी ७०–७२% अम्ल वापरतात. सु. ७२·५% अम्ल २०३° से. ला घटकांचे प्रमाण न बदलता उकळते. थंड व विरल अवस्थेत ते केवळ तीव्र अम्ल म्हणून वागते. त्याचा ऑक्सिडीकारक गुण जवळजवळ प्रकट होत नाही. संहत अम्ल तापविल्यास मात्र ते प्रबळ ऑक्सिडीकारक व निर्जलीकारक बनते. त्याची उपयुक्तता व धोका ही दोन्ही या फरकातून उद्भवतात.

उपयोग : पोलादाच्या विश्लेषणात उकळत्या अम्लाने क्रोमियमाचे ऑक्सिडीकरण होऊन नारिंगी डायक्रोमेट मिळते. विद्राव थंड व विरल केला की अम्लाची ऑक्सिडीकारक क्रिया थांबते. नंतर तो उकळून त्यातील क्लोरीन घालवितात व फेरस लवणाने डायक्रोमेटाचे अनुमापन (ज्ञात संहतीच्या विद्रावाने प्रमाण काढण्याची क्रिया) करतात. सिलिकेटांच्या विश्लेषणात सिलिका निर्जल करून वेगळी काढण्यासही ते वापरतात. पोटॅशियम परक्लोरेट अल्कोहॉलात जवळजवळ अविद्राव्य, तर सोडियम परक्लोरेट विद्राव्य असल्याने ही दोन मूलद्रव्ये अलग करता येतात. पाण्यात अनुमापन न होणाऱ्या दुर्बल क्षारकांचे, उदा., अनेक औषधांचे, प्रमाण ठरविण्यासाठी हिमानी ॲसिटिक अम्लातील परक्लोरिक अम्ल उपयोगी पडते. वनस्पती व अन्नपदार्थ यांतील धातूंचे प्रमाण काढण्यापूर्वी कार्बनी द्रव्य नष्ट करण्यासाठी ते नायट्रिक अम्लाबरोबर वापरतात. शर्करेसारखे सहज ऑक्सिडीकरण होणारे घटक आधी नायट्रिक अम्लाने नष्ट करणे आवश्यक असते. ते शिल्लक असताना तप्त परक्लोरिक अम्लाशी संबंध आल्यास स्फोट होऊ शकतो.

दक्षता : लॉस अँजेल्स येथे २० फेब्रुवारी १९४७ रोजी एका विद्युत् विलेपन कारखान्यात धातूला झिलई देण्यासाठी ठेवलेल्या परक्लोरिक अम्ल व ॲसिटिक ॲनहायड्राइड यांच्या मिश्रणाचा स्फोट होऊन १७ माणसे मृत्यू पावली. अम्लाची बाटली लाकडी फळीवर न ठेवता काचेच्या वा चिनी मातीच्या तबकात ठेवतात. अम्ल तापविण्यासाठी पाण्याने धुता येईल असे स्वतंत्र धूम-कपाट लागते. कारण वाफा थंड होऊन नळात साचणारी परक्लोरेटे आघातानेही स्फोट पावू शकतात. सांडलेले अम्ल कागद, कापड किंवा लाकडाचा भुसा यांनी टिपू नये. भरपूर पाण्याने विरल करून ते सोडियम कार्बोनेटाने उदासीन करावे. रंग पालटलेले अम्ल वापरू नये.