डिस्टोपियातला हुकूमशहा आणि आपल्याकडची ‘परवानगी’

‘डिस्टोपिया’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांना भिंतीवरचा मोठा चेहरा, सगळीकडे कॅमेरे आणि काळे बूट घातलेले पोलीस दिसतात. जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ मध्ये आली आणि हे चित्र जगभर पक्कं झालं. मग आपण आजूबाजूला बघतो, असा चेहरा कुठे दिसत नाही, आणि म्हणतो, ‘चला, आपल्याकडे तसं काही नाही.’ दुसरं टोक म्हणजे एखादा न पटणारा सरकारी निर्णय आला की लगेच ‘हे तर १९८४ झालं’ असं म्हणणारे लोक.

माझ्या अभ्यासाचा विषय या दोन टोकांच्या मधला आहे. कादंबरीतलं नियंत्रण आणि खऱ्या आयुष्यातलं नियंत्रण यांची तुलना करताना ‘हुकूमशहा कोण?’ हा प्रश्न मला फारसा उपयोगी वाटत नाही. ‘नियंत्रण नेमकं कोणत्या मार्गाने चालतं?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. असे तीन मार्ग आपल्याच भागातल्या उदाहरणांवरून बघू.

पहिला मार्ग : आधी परवानगी घ्या

बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात किंवा मुलुंडच्या कालिदासमध्ये तुम्ही नाटक बघता, तेव्हा त्याची संहिता आधी कोणीतरी वाचून मंजूर केलेली असते. महाराष्ट्रात यासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. पुस्तक छापायला अशी परवानगी लागत नाही. तेच शब्द रंगमंचावर बोलायचे असतील तर लागते.

हे आलं कुठून? ब्रिटिशांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगमंचावर आलं. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

स्वातंत्र्य मिळालं, परवानगीची पद्धत मात्र राहिली. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. थोडे प्रयोग झाले आणि नाटक अडवलं गेलं. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले. त्या दिवसांवर त्यांनी लिहिलेलं ‘बाइंडरचे दिवस’ मिळालं तर जरूर वाचा. तरीही पूर्वपरीक्षण संपलं नाही. २०१६ मध्ये अमोल पालेकर याच नियमांविरुद्ध पुन्हा त्याच न्यायालयात गेले.

आता फरक लक्षात घ्या. बोलल्यानंतर शिक्षा करायची तर सरकारला गुन्हा सिद्ध करावा लागतो. बोलण्याआधीच अडवायचं असेल तर सिद्ध करण्याचं ओझं उलटून लेखकावर येतं. प्रयोग थांबला की भाडं, जाहिरात, कलाकारांच्या तारखा, सगळं बुडतं. म्हणून बरेचजण कोर्टात जात नाहीत, वाक्यच गाळतात. गाळलेलं वाक्य कुठल्याच नोंदीत सापडत नाही, त्यामुळे हे नियंत्रण मोजताही येत नाही.

दुसरा मार्ग : नियम धूसर ठेवा

ऑर्वेलच्या कादंबरीतला एक तपशील बऱ्याच वाचकांच्या नजरेतून सुटतो. तिथे लेखी कायदेच नाहीत. नायक डायरी लिहायला बसतो तेव्हा तो ‘बेकायदा’ काही करत नसतो, पण पकडलं तर संपलं हे त्याला माहीत असतं. काय चालेल आणि काय नाही हे कळत नसलं की माणूस रेषेच्या खूप अलीकडेच थांबतो.

आपल्याकडचं उदाहरण बोरिवलीहून लोकलने गाठता येईल इतकं जवळचं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. वापरलेल्या कलमांमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ होतं. त्रासदायक, आक्षेपार्ह अशा मजकुराला ते लागू व्हायचं, पण त्रासदायक म्हणजे काय याची व्याख्या कुठेच नव्हती. या अटकेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं की रद्द झालेल्या या कलमाखाली पोलीस ठाण्यांमध्ये अजूनही गुन्हे नोंदवले जात आहेत! म्हणजे कायदा गेला तरी सवय राहते.

तिसरा मार्ग : सतत बघत राहा

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या ‘वुई’ या कादंबरीत माणसं काचेच्या घरांत राहतात आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक असतात. ही कादंबरी ऑर्वेलच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची.

मुंबईत २६/११ च्या हल्ल्यानंतर शहरभर सरकारी कॅमेऱ्यांचं जाळं उभारायचं ठरलं आणि २०१६ मध्ये ते कामाला लागलं. अंधेरी किंवा घाटकोपरच्या गर्दीतून रात्री उशिरा घरी परतणाऱ्या कितीतरी जणींना त्या कॅमेऱ्याचा आधार वाटतो, आणि त्यात चूक काहीच नाही. प्रश्न कॅमेरा असण्याचा नाही. चित्रीकरण किती दिवस ठेवतात, कोण बघू शकतं, आणि गैरवापर झाला तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा सरकारने स्वतःकडेच ठेवली आहे.

मग आपण डिस्टोपियात राहतो का?

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे. कादंबरीतल्या त्या राज्यात दाद मागायला जागाच नसते. सारंगांना ती होती, श्रेया सिंघल यांना होती. आणीबाणीतही ती पूर्ण बंद झाली नव्हती. ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा संपादक मिनू मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते. तो निर्णय चुकीचा होता असं २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव. मधे ४१ वर्षं गेली. दार उघडं असणं आणि ते वेळेत उघडणं यात हा एवढा फरक आहे.

आरेचंही तसंच. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, जमावबंदी लागली, विरोध करणाऱ्यांना अटक झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. मेट्रो हवी की नको यावर तुमचं मत काहीही असो, अपील ऐकलं जाईपर्यंत अपिलाचा विषयच उरला नाही, हे तर मान्य कराल ना?

म्हणून पुढच्या वेळी बंदीची बातमी वाचाल तेव्हा ‘हे १९८४ आहे का?’ असं विचारू नका. त्याऐवजी हे चार प्रश्न विचारा. आदेश लेखी आहे का? त्यात कारण दिलंय का? तो कधी संपतो? आणि नुकसान होण्याआधी दाद मागता येते का? जमावबंदीपुरतं बोलायचं तर, पूर्वीचं कलम १४४ म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३. असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितलेलं आहे. तेव्हा आदेशाची प्रत मागण्यात उद्धटपणा नाही. तो तुमचा हक्क आहे.