उस्मानाबादच्या रस्त्यांवरची लढाई कोठे शोधावी?

लातूर, प्रतिनिधी : दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजारोहण होते, भाषणे होतात, हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. मात्र लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्याने 'पोलीस ॲक्शनच्या त्या पाच दिवसांत आमच्या भागात नेमके काय घडले?' असे विचारले, तर त्याला समाधानकारक उत्तर देणारे एकही पुस्तक हाती ठेवता येत नाही. साहित्य पुष्कळ आहे. पण ते विखुरलेले आहे आणि बरेचसे दुरून लिहिलेले आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरले आणि त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. दुसऱ्या दिवशी ३/११ गुरखा पलटण आणि ८ कॅव्हलरीची तुकडी उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, दाखल झाली. येथे रझाकारांनी कडवा प्रतिकार केला आणि रस्त्यारस्त्यांत लढाई झाली. त्यानंतर लातूर आणि मोमिनाबाद सैन्याच्या ताब्यात आले. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, तर १८ रोजी जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली.

लष्करी तपशिलासाठी पहिले पुस्तक एस. एन. प्रसाद यांचे 'ऑपरेशन पोलो'. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाचा हा १९७२ मधील इंग्रजी ग्रंथ. कोणती पलटण कोणत्या वाटेने गेली, हे त्यातून कळते. ज्या गल्लीत गोळीबार झाला त्या गल्लीतील माणसांचे काय झाले, हे मात्र कळत नाही.

यापुढची पुस्तके आठवणींची आहेत आणि येथे वाचकाने एक प्रश्न सतत विचारायला हवा : लेखक त्या दिवशी कोठे होता? 'द स्टोरी ऑफ द इंटिग्रेशन ऑफ द इंडियन स्टेट्स' (१९५६) लिहिणारे व्ही. पी. मेनन दिल्लीत होते. 'द एंड ऑफ ॲन एरा'चे लेखक क. मा. मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत होते. 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' लिहिणारे निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली आणि त्यांचे सेनापती एल एद्रूस हेही राजधानीतच. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, परंतु कारवाई सुरू झाली तेव्हा स्वामीजी तुरुंगात होते. उस्मानाबादच्या रस्त्यावर यांपैकी कोणीही नव्हते!

मराठीत अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आजही पायाभूत आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' वाचताना घटनांपेक्षा त्यांच्यामागील राजकारण उलगडते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासह अनेक विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर चाळता येतात. प्रबंधांचा दर्जा एकसारखा नाही. तरी त्यांतील मुलाखती जरूर पाहाव्यात, कारण त्या देणारे बहुतेक जण आता हयात नाहीत.

शोध घेताना जुनी नावे ठाऊक हवीत. अंबाजोगाई शोधणाऱ्यास जुन्या कागदांत काहीच सापडणार नाही, कारण तेथे ती मोमिनाबाद आहे. नांदेड इंग्रजी नोंदींत 'नांदेर' म्हणूनही येते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे लातूर उस्मानाबाद जिल्ह्याच्या नोंदींत आणि १९७२ च्या त्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पाहावे लागते. निजामी राजवटीचा कारभार उर्दूत चाले, त्यामुळे हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात जाणाऱ्याने उर्दू वाचणारा सोबती बरोबर न्यावा. नाहीतर दप्तर समोर असूनही हात रिकामेच!

अवघड कागद

एक दस्तऐवज मात्र वगळून चालणार नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या पथकाने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. रझाकारांच्या अत्याचारांनंतर, सैन्य आल्यावर, सूडाच्या लाटेत २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. कासीम रझवी ज्या लातुरात वकिली करीत असे, तेथील सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार पथकाला शहरात आढळले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे परागंदा झाले होते. हा अहवाल अनेक दशके दडून राहिला. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद' या पुस्तकात तो छापला गेला. आकड्यांवर वाद आहेत आणि ते होणे स्वाभाविक आहे. परंतु रझाकारांचा जुलूम सांगून थांबणारा किंवा नंतरच्या हत्या तेवढ्याच सांगणारा, दोन्ही इतिहास अपुरे. लातूरच्या बाजारपेठेने दोन्ही पाहिले आहे.

चित्रपटांकडून फार अपेक्षा ठेवू नये. २०१५ चा मराठी 'रझाकार' आणि २०२४ चा त्याच नावाने आलेला तेलुगू चित्रपट यांतून आजचा दृष्टिकोन कळतो, १९४८ चा पुरावा मिळत नाही. त्यापेक्षा जुने वार्तापट पाहावेत. ब्रिटिश पाथे या संस्थेने आपला प्रचंड संग्रह २०१४ मध्ये यूट्यूबवर खुला केला. त्यात शोधताना सिंधमधले हैदराबादही पुढे येते, एवढे ध्यानात असू द्यावे.

छायाचित्रांची कथा निराळीच. चौधरींसमोर शरण आलेले एल एद्रूस आणि सरदार पटेलांना हात जोडणारा निजाम ही दोन चित्रे दर सप्टेंबरात सर्वत्र छापली जातात. दोन्ही राजधानीतील आहेत. उस्मानाबाद, लातूर, नांदेडची चित्रे असलीच तर ती घराघरांतील पत्र्याच्या पेट्यांत असतील : सरहद्दीवरील कॅम्पमधील गटचित्र, स्टुडिओत काढलेला बंदूकधारी तरुण, गाव सोडून गेलेल्या शेजाऱ्याचे कुटुंब. असे चित्र सापडल्यास केवळ पुढची बाजू टिपून ठेवू नये. मागील शिक्का, शाईतील नावे, तारीख यांचेही छायाचित्र घ्यावे आणि चित्रातील माणसे घरातील वडीलधाऱ्यांकडून ओळखून घ्यावीत. पोलीस ॲक्शनच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे. पुस्तके ग्रंथालयात पुढल्या वर्षीही मिळतील. या भेटीला मात्र याच आठवड्यात जावे.