पियानोचा क्लास लावण्यापूर्वी

पालकसभा संपली की काही पालक मागे रेंगाळतात. गुणपत्रिकेत न मावणारा एखादा प्रश्न त्यांना विचारायचा असतो. पवईतील आमच्या शाळेत गेल्या पावसाळ्यात तिसरीतल्या एका मुलाची आई अशीच थांबली. त्यांच्या इमारतीच्या फाटकावर पियानोच्या क्लासची जाहिरात लागली होती. मेंदूचा विकास, एकाग्रता आणि गणितात प्रगती अशी तीन आश्वासने तिच्यात होती. वर्षाची फी एकदम भरायची, शिवाय घरी एक कीबोर्ड घ्यायचा. ती म्हणाली, "बाई, दोन्ही मिळून माझा दीड महिन्याचा पगार जातो. पण गणित सुधारणार असेल तर कर्ज काढीन. घालू का त्याला?"

मी विज्ञान शिकवते, संगीत नव्हे. तरीही "जरूर घाला" हे शब्द ओठांवर आले होते, कारण संगीताने गणित सुधारते असे मी स्वतःच कित्येक वर्षे सांगत आले होते. कर्जाचा शब्द ऐकला आणि मी थबकले. ज्याच्यासाठी कोणी कर्ज काढणार, त्या विधानाला पुरावा किती आहे हे आपण तपासले आहे का? तिच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि पाहिले, ते आपल्यापुढे ठेवते. हा प्रश्न आपणांपैकी अनेकांना विचारला जात असणार.

दावा आला कोठून?

१९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन काय यांचा एक लहानसा लेख प्रसिद्ध झाला. महाविद्यालयातील ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली रचना ऐकवली, आणि मग आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. शांत बसल्यानंतर किंवा शिथिलीकरणाच्या सूचना ऐकल्यानंतर मिळालेल्या गुणांपेक्षा या वेळचे गुण बुद्ध्यंकाच्या मापात आठ-नऊ अंकांनी अधिक भरले. मात्र हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. प्रयोगात लहान मुले नव्हती, वाद्य शिकणे नव्हते आणि गणितही नव्हते. तरीही ‘मोझार्ट परिणाम’ जगभर पसरला. १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बालकाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याची योजना मांडली!

वाद्य शिकण्याचा प्रयोग ग्लेन शेलेनबर्ग यांनी केला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे त्यांनी चार गट पाडले : कीबोर्ड, गायन, नाट्य आणि काहीच नाही. कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. वर्षअखेर सर्वच गटांचा बुद्ध्यंक वाढला, कारण मुले नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. संगीताच्या दोन गटांत ही वाढ सरासरी सुमारे ७ अंक होती आणि उरलेल्या दोन गटांत सुमारे ४. म्हणजे फरक जेमतेम तीन अंकांचा. आणखी एक मौज म्हणजे इतरांशी मिळूनमिसळून वागण्यात नाट्याचा गट पुढे गेला, संगीताचे गट नाहीत.

पुढे २०२० साली जोव्हानी साला आणि फर्नांद गोबे यांनी अशा पन्नासहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत सुमारे सात हजार मुले होती. अभ्यास जितका काटेकोर, तितका परिणाम लहान दिसला. तुलनेच्या गटालाही दुसरे काही शिकवले आणि गट चिठ्ठ्यांनी पाडले, की परिणाम जवळजवळ शून्यावर येतो.

मग वाद्य शिकणारी मुले अभ्यासात पुढे दिसतात, ती का? ज्या घरी क्लासची फी परवडते, तेथे पुस्तके असतात, शांत कोपरा असतो, अभ्यास घेणारे कोणी असते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे आपण वर्गात शिकवतो, पण जाहिरात वाचताना विसरतो.

बोट आणि तार यांच्यामध्ये

आता वाद्याकडे वळू. आपल्या पेटीत बोटाने पट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा पितळी सुरावरून जाते. आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे. पट्टी जोराने आपटली तरी सूर मोठा होत नाही.

पियानोत याच्या उलट आहे. इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास जी युक्ती काढली, तिच्यात पट्टी दाबताच हातोडा तारेकडे फेकला जातो. तारेवर आदळण्यापूर्वी किंचित आधी त्याचा पट्टीशी संबंध सुटतो. म्हणजे शेवटच्या क्षणी हातोडा स्वतःच्या वेगानेच जात असतो, आणि आवाज किती मोठा होणार हे त्या वेगावर ठरते. बोटाचे सारे शिक्षण हा वेग काबूत आणण्याचे शिक्षण आहे.

स्वस्त कीबोर्डात पट्टीखाली केवळ बटण असते. हळू दाबा वा जोरात, आवाज तोच. त्याहून बऱ्या कीबोर्डात पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंतचा वेळ मोजून यंत्र बोटाचा वेग काढते आणि त्याप्रमाणे आवाज देते. अंतर भागिले वेळ, आपल्या सातवीच्या पुस्तकातले! डिजिटल पियानोत याखेरीज पट्ट्यांना वजनही दिलेले असते.

माझ्या भाचीचा अनुभव सांगते. ती दोन वर्षे बटणाच्या कीबोर्डावर शिकली. मग एका समारंभात खऱ्या पियानोपुढे बसली, तर निम्मे सूर उमटेनात. बोटांना जोरच नव्हता. तिचे काही चुकले नव्हते. आम्ही विकत घेतलेले वाद्यच वेगळे होते.

खऱ्या पियानोचीही एक अडचण आहे. त्याच्या सव्वादोनशेच्या आसपास तारा मिळून चौकटीवर पंधरा-वीस टनांचा ताण देतात. तारांची कंपने ज्या लाकडी फळीवरून हवेत जातात, ती फळी दमट हवेत फुगते. तारा अधिक ताणल्या जातात आणि सूर चढतात. वातानुकूलित खोलीत फळी सुकते आणि सूर उतरतात. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि जूनपासून चार महिने पाऊस अशा पवईत पियानो वर्षातून निदान दोनदा लावून घ्यावा लागतो. म्हणून क्लासमध्ये पियानो असला, तर तो शेवटचा केव्हा लावला हे अवश्य विचारावे.

बारा पट्ट्या आणि आपला गंधार

‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ ही भाषा आपल्या घराघरांत आहे. पियानोच्या ८८ पट्ट्यांतही सप्तकाचे तेच बारा भाग असतात, आणि ते अगदी समान. प्रत्येक पट्टीची कंपनसंख्या आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट. आता षड्ज २४० धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३००. पियानोचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ येतो. षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० आणि या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५. दोन्ही पट्ट्या एकत्र दाबल्या, तर सेकंदाला नऊ-दहा विस्पंद पडतात. शाळेच्या पेटीवर ऐकून पाहा. लक्ष दिले तर सुरातली थरथर जाणवते.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी गेल्या शतकाच्या आरंभीच श्रुतींची पेटी करण्याचा प्रयत्न केला होता. आकाशवाणीने तर १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पण म्हणून गाणे शिकणाऱ्या मुलाने पियानो शिकू नये असे नाही. समान भागांमुळेच कोणत्याही पट्टीपासून तीच धून वाजवता येते. मुलाने दोन्ही ऐकावे, आणि फरक आहे हे त्याला कोणीतरी सांगावे, एवढेच.

अभ्यासक्रमांचे तीन प्रकार

मुंबईत या वाद्याची परंपरा जुनी आहे. धोबीतलावचे फुर्तादोंचे दुकान १८६५ पासूनचे. पारशी आणि गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांतून हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आज उपनगरांतील क्लास साधारणतः तीन वाटांनी जातात.

पहिली वाट परीक्षेची. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा असोसिएटेड बोर्डाच्या पहिली ते आठवी श्रेणीच्या परीक्षा असतात. आपल्या गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्यांसारखेच हे. शिस्त आणि मोजमाप हा तिचा फायदा. धोका असा, की परीक्षेला मोजक्याच रचना लागतात म्हणून वर्षभर तेवढ्याच घोटून घेतल्या जातात. मग मुलाला प्रमाणपत्र मिळते, पण नवी ओळ समोर ठेवली तर वाजवता येत नाही.

दुसरी वाट कानाची. जपानचे शिनिची सुझुकी म्हणत, की मूल मातृभाषा जशी आधी ऐकून बोलते आणि मग वाचते, तसेच संगीताचे असावे. यात पालकाने क्लासला बसणे आणि घरी सराव घेणे अपेक्षित असते. ज्या आईला ऑफिसातून परतायला आठ वाजतात, तिने हे आधीच विचारून घ्यावे.

तिसरी वाट गटाची. आठ-दहा मुले, प्रत्येकापुढे कीबोर्ड, मध्येच गाणे आणि टाळ्या. लहान वयाला ही रमवणारी आणि स्वस्तही. पुढे मात्र बोटांकडे एकेकट्याने लक्ष देणारा शिक्षक लागतो.

काय विचारावे, काय पाहावे?

पैसे भरण्यापूर्वी एक तास मागे बसून पाहावा. तासातली किती मिनिटे मुलाचे हात पट्ट्यांवर असतात? वाजवण्याआधी मूल ती ओळ गाऊन दाखवते का? चूक झाली की शिक्षक काय करतात : पुन्हा सगळे वाजवायला लावतात, की चुकलेल्या दोन मात्रा सुट्या करून दाखवतात? गेल्या वर्षी मुलांनी किती रचना वाजवल्या? फी महिन्याची चालेल का? घरी घ्यायच्या कीबोर्डाच्या पट्ट्या बोटाचा वेग ओळखतात का? सुरुवातीला ६१ पट्ट्याही पुरतात, पण हा गुण हवाच.

सराव थोडा आणि रोज असावा. रोजची पंधरा मिनिटे रविवारच्या दीड तासापेक्षा अधिक टिकतात. विभागून केलेली उजळणी अधिक टिकते हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. पाढ्यांबाबत आपण तेच सांगतो.

आठ दिवसांनी ती आई आली. मी तिला सांगितले, "गणितासाठी असेल तर कर्ज काढू नका. गणितासाठी गणितच करावे लागेल, ते आपण शाळेत बघू. पण त्याला वाद्य आवडते का?" ती म्हणाली, "ते मी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही त्या मुलाला प्रार्थनेच्या पेटीपुढे बसवले. भाता मी धरला. सुट्टी संपेपर्यंत त्याने प्रार्थनेची पहिली ओळ एका बोटाने शोधून काढली. एक सूर चुकत होता, तो त्याचा त्यालाच ऐकू येत होता आणि तो पुन्हा पुन्हा मागे जात होता. घंटा झाली तरी उठेना.

आता तो महिन्याची फी घेणाऱ्या एका लहान क्लासला जातो. घरी वापरलेला, पण बोटाचा वेग ओळखणारा कीबोर्ड आहे. कर्ज काढावे लागले नाही. गणितात तो अजून हातच्याचे विसरतो, आणि त्यासाठी आम्ही दोघे शनिवारी अर्धा तास बसतो.