खेळ पत्त्यांचा, कसोटी शब्दांची

पत्ते म्हटले की आपल्यापुढे बदामसात, नाहीतर रमी उभी राहते. या खेळांचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ मात्र निराळा आहे. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली 'विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो बाजारात आणला. यात खेळाडू म्हणजे मांत्रिक. प्रत्येकाजवळ २० प्राण असतात. प्रतिस्पर्ध्याचे प्राण शून्यावर आणले की डाव जिंकला. पाने विकत घेऊन किंवा अदलाबदल करून जमवावयाची आणि त्यांतून निदान ६० पानांचा जोड आपला आपण रचावयाचा.

आजवर अशी हजारो निरनिराळी पाने निघाली आहेत आणि बहुतेक पानांवर आपापला नियम छापलेला असतो. साहजिकच वाद होतात. मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते आणि नवशिका गप्प बसतो. वास्तविक तीन गोष्टी समजल्या तर बहुतेक घोळ मिटतात.

पहिली गोष्ट : सर्वसाधारण नियम आणि पानावरील मजकूर यांत विरोध आला, तर पान खरे. नुकत्याच मैदानात उतरलेल्या प्राण्याला त्या फेरीत हल्ला करता येत नाही, हा सर्वसाधारण नियम. पण पानावर 'हेस्ट' हा शब्द असेल, तर तो लगेच हल्ला करू शकतो. नव्या प्राण्याला बचावही करता येत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. मनाई हल्ल्याला आहे, बचावाला नाही. आणि एक पान 'करता येईल' म्हणत असेल व दुसरे 'करता येणार नाही' म्हणत असेल, तर नकार वरचढ ठरतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. खेळलेला मंत्र लगेच लागू होत नाही. प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्याची संधी मिळते. हे मंत्र ताटांच्या चळतीसारखे एकावर एक रचले जातात आणि शेवटी ठेवलेला आधी उचलला जातो. याला 'स्टॅक' म्हणतात. १९९९ साली, सहाव्या आवृत्तीच्या वेळी, हा नियम आला. समजा, तुमच्या अस्वलाचे बळ २ आणि सहनशक्ती २ आहे. प्रतिस्पर्ध्याने त्यावर 'लाइटनिंग बोल्ट' टाकला. त्याचा घाव ३ चा. उत्तरादाखल तुम्ही 'जायंट ग्रोथ' खेळलात. हा मंत्र त्या फेरीपुरते दोन्ही आकडे ३ ने वाढवतो. तुमचा मंत्र नंतरचा, म्हणून तो आधी लागू होतो. अस्वल ५-५ चे होते आणि वाचते. आता क्रम उलटा करा. तुम्ही घाईने आधी 'जायंट ग्रोथ' खेळलात आणि त्यावर 'बोल्ट' आला. आता बोल्ट आधी लागू होतो. अस्वल मरते आणि तुमचा मंत्र फुकट जातो. पाने तीच, निकाल मात्र उलट!

तिसरी गोष्ट शब्दांची. 'हेक्सप्रूफ' प्राण्याला प्रतिस्पर्धी आपल्या मंत्राचे 'टार्गेट', म्हणजे लक्ष्य, करू शकत नाही. तरीही 'रॅथ ऑफ गॉड' या पानाने तो मरतो. कारण ते पान एखाद्याला लक्ष्य करीत नाही; सर्व प्राणी नष्ट करा, एवढेच सांगते. जो प्राणी नष्टच होऊ शकत नाही, तो यातूनही वाचतो. पण मालकाला एक प्राणी 'बळी द्या' असे सांगितले आणि त्याच्याजवळ तेवढाच प्राणी असला, तर तोही जातो. 'नष्ट करणे' वेगळे आणि 'बळी देणे' वेगळे.

या खेळाचे संपूर्ण नियमपुस्तक दोनशेंहून अधिक पृष्ठांचे आहे. ते कोणी पाठ करावे अशी अपेक्षा नाही. परंतु नियम लिहिलेला असतो तो जाणकाराला मिरवता यावा म्हणून नव्हे, तर नवख्यालाही तोच न्याय मिळावा म्हणून. तेव्हा वाद झालाच, तर नवशिक्याने आवाज चढवू नये आणि दबूनही जाऊ नये. एवढेच म्हणावे, "पानावर काय छापले आहे, ते आधी वाचून दाखवा."